भावांची चंचलता आणि एक उपेक्षित माप

बाजारांत भाव काय आहे हें विचारणारे पुष्कळ. तो किती हालतो हें विचारणारे थोडे. वस्तुतः संसार चालविणाऱ्या माणसास दुसऱ्या प्रश्नाचें उत्तरच अधिक हवें असतें. वर्षाच्या सरासरीनें कांदा स्वस्त पडला, एवढ्यानें गृहिणीचें समाधान होत नाहीं. कारण तिला तो वर्षाच्या सरासरीनें मिळत नाहीं, त्या त्या दिवसाच्या भावानें मिळतो. माल विकावयास आलेल्या शेतकऱ्याची गोष्टही तीच. सरासरी ही भावाची बैठक सांगते. त्याची चंचलता सांगण्यास निराळें माप लागतें. तें माप कोणतें असावें, या प्रश्नावर गणितज्ञांमध्यें अडीचशें वर्षांहून अधिक काळ वाद चालला असून तो अद्यापि पुरता मिटलेला नाहीं. त्या वादाचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय रुक्ष आहे खरा. परंतु घरच्या शिलकेशीं त्याचा किती निकटचा संबंध आहे, हें आम्हांस आमच्याच एका चुकीमुळें कळलें, आणि ती चूक प्रथम सांगून टाकणें बरें.

२००७ सालच्या अखेरीची गोष्ट. आमचे एक काका, जन्मभर मास्तरकी करून निवृत्त झालेले, एका म्युच्युअल फंडाचें माहितीपत्रक घेऊन आमच्याकडे आले. त्यांत प्रमाण विचलन शेकडा २० असा आकडा छापलेला होता. त्यावर बोट ठेवून त्यांनीं विचारलें, "हा आकडा म्हणजे वर्षाला साधारण एवढें खालींवर व्हायचें, असेंच ना रे?" आम्ही महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवितों, तेव्हां विचारावें तर आम्हांलाच. पण आम्ही त्या दिवशीं उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत बुडालों होतों. "हो काका, तसेंच समजा," असें म्हणून मोकळे झालों. काकांनीं फंडाचा पैसा त्यांत घातला. पुढच्याच, म्हणजे २००८ सालीं मुंबईच्या शेअरबाजाराचा सेन्सेक्स हा निर्देशांक वर्षभरांत निम्म्याहून अधिक खालीं आला. काकांनीं आम्हांस कधीं दोष दिला नाहीं. एकदां फक्त एवढेंच म्हणाले, "तूं सांगितलेला आकडा मीं नीट लक्षांत ठेवला होता रे." तें वाक्य आम्हांस अजून सलतें.

काकांचा प्रश्न आणि पत्रकांतला आकडा यांच्यांत अंतर काय होतें, तें एका लहान उदाहरणानें स्पष्ट होईल. दोन बाजार कल्पावे. दोहोंतही एका वस्तूचा दहा दिवसांचा सरासरी भाव शंभर रुपये आहे. पहिल्या बाजारांत भाव एक दिवस १०४ तर दुसऱ्या दिवशीं ९६ असा नित्य हेलकावे खातो. दुसऱ्या बाजारांत आठ दिवस तो १०० वर स्थिर असतो, एक दिवस १२० होतो आणि एक दिवस ८० वर येतो. आतां प्रत्येक दिवशीं भाव सरासरीपासून किती दूर होता तें पाहावें, वर कीं खालीं हा भेद सोडून द्यावा, आणि त्या अंतरांची सरासरी काढावी. ती दोन्ही बाजारांत चार रुपयेच येते. या आकड्यास सरासरी विचलन म्हणतात. दुसरी रीत अशी कीं, त्या अंतरांचे आधीं वर्ग करावे, वर्गांची सरासरी काढावी आणि तिचें वर्गमूळ घ्यावें. हें प्रमाण विचलन. या रीतीनें पहिल्या बाजाराचे चारच येतात. दुसऱ्याचे मात्र जवळजवळ नऊ होतात. पहिली रीत अंतरांतल्या प्रत्येक रुपयास सारखेंच मोल देते. दुसरी मोठ्या उडीचा बडेजाव करते. काकांनीं विचारलें होतें तें पहिलें, आणि पत्रकांत छापलें होतें तें दुसरें. साधा माणूस जेव्हां 'साधारण किती?' असें विचारतो, तेव्हां त्याच्या मनांत सरासरी विचलनच असतें. मग विद्वानांनीं तें बाजूस सारून दुसरें कां उचललें?

या दोहोंत वयानें वडील सरासरी विचलनाचेंच तत्त्व आहे. आज डुब्रॉव्हनिक या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या रागूसा शहरीं १७११ सालीं जन्मलेला रॉजर बॉस्कोविच हा जेसुइट पाद्री मोठा ज्योतिषी व गणिती होता. पोपच्या आज्ञेवरून त्यानें व ख्रिस्तोफर मेअर या त्याच्या सहकाऱ्यानें १७५० पासून रोम आणि रिमिनी या दोन शहरांमधील याम्योत्तर रेषेची मोजणी केली. पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे हें त्यास ठरवावयाचें होतें. निरनिराळ्या अक्षांशांवरील दोन मोजण्या हातीं असल्या कीं हें उत्तर निघतें. परंतु बॉस्कोविचपाशीं पांच ठिकाणच्या मोजण्या होत्या. पांचांतून जोड्या दहा होतात, आणि दहाही जोड्यांचीं उत्तरें निरनिराळीं येत होतीं. कोणतें खरें मानावें? १७५७ सालीं त्यानें असें सुचविलें कीं, ज्या रेषेपासून मोजण्यांचीं वरचीं व खालचीं अंतरें एकमेकांस फेडतात, आणि चिन्ह न पाहतां केलेली सर्व अंतरांची बेरीज ज्या रेषेसाठीं कमींत कमी येते, ती रेषा स्वीकारावी. लाप्लास यानें हीच रीत उचलून १७९९ सालच्या आपल्या खगोलविषयक ग्रंथांत पृथ्वीच्या आकाराच्या प्रश्नास लाविली.

यानंतर थोड्याच वर्षांत डाव पालटला. १८०५ सालीं लजांद्र यानें अंतरांच्या वर्गांची बेरीज न्यूनतम करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १८०९ सालीं गाउस यानें तिला संभाव्यतेच्या सिद्धांताचा आधार दिला. या रीतीचें एक मोठें सुख असें कीं, वर्गांच्या बेरजेचा आलेख गुळगुळीत वाटीसारखा असतो, व तिचा तळ कलनशास्त्रानें सहज सांपडतो. निव्वळ अंतरांच्या आलेखाला कोपरे पडतात, आणि तेथें कलनशास्त्राची गाडी अडते. ज्या काळीं सारे हिशेब हातानें करावयाचे होते, त्या काळीं ही सोय लहान नव्हती. पुढें १८१६ सालीं गाउसनें दोन्ही रीतींची तुलनाही केली. चुका घंटेच्या आकाराच्या प्रसिद्ध नियमाप्रमाणें पडत असतील, तर वर्गांच्या रीतीनें शंभर निरीक्षणांतून जेवढा भरंवशाचा निष्कर्ष निघतो, तेवढ्यासाठीं निव्वळ अंतरांच्या रीतीस ११४ निरीक्षणें लागतात, असें त्यानें दाखविलें. मात्र १८२१ सालीं त्यानेंच मोकळेपणानें मान्य केलें कीं, चुकीचें मोल तिच्या वर्गानें करावें कीं तिच्या अंतरानें, ही निवड मूलतः ऐच्छिक आहे. वर्ग सोपे पडतात म्हणून आपण ते घेतले. गुरूंची ही कबुली पुढल्या शिष्यांच्या स्मरणांतून गेली, आणि ११४ चा आकडा तेवढा राहिला.

कार्ल पिअर्सन यानें १८९३-९४ च्या सुमारास वर्गांच्या रीतीनें येणाऱ्या आकड्यास प्रमाण विचलन हें इंग्रजी नांव दिलें. एकदां एखाद्यास प्रमाण म्हटलें कीं इतर सर्व अप्रमाण ठरतात. नांवाचा महिमा शास्त्रांतही चालतोच. तरीही १९१४ सालीं आर्थर एडिंग्टन या ज्योतिर्विदानें ताऱ्यांच्या गतींवरील आपल्या ग्रंथांत पाठ्यपुस्तकांच्या विरुद्ध जाऊन सरासरी विचलनाची बाजू घेतली. त्यावर १९२० सालीं रोनल्ड फिशर या तेव्हां नुकतीच तिशी गांठलेल्या संशोधकानें त्यास गणितानें उत्तर दिलें, आणि घंटाकृति नियम पाळला जात असेल तर प्रमाण विचलनासच श्रेष्ठ म्हणावें लागतें असें सिद्ध केलें. एडिंग्टननें सिद्धांतांतील आपली चूक कबूल केली. पण त्याबरोबर अशीही नोंद केली कीं, व्यवहारांत ज्या प्रकारच्या चुका प्रत्यक्ष आढळतात त्यांच्यासाठीं सरासरी विचलन हेंच अधिक सुरक्षित, असा ज्योतिषांचा अनुभव आहे.

पाठ्यपुस्तकांनीं फिशरचा निकाल घेतला आणि एडिंग्टनची नोंद सोडून दिली. तिची दखल चाळीस वर्षांनीं, १९६० सालीं, जॉन टूकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानें घेतली. त्यानें विचारलें, सर्वच निरीक्षणें एका वळणाचीं नसून त्यांत थोडीं तिप्पट पसरणारीं मिसळलीं असतील, तर कोणतें माप टिकेल? उत्तर विस्मयकारक निघालें. हजारांत अवघीं दोन निरीक्षणें अशीं बिघडलेलीं असलीं, तरी प्रमाण विचलनाची सारी श्रेष्ठता नाहींशी होते व सरासरी विचलन पुढें जातें. शंभरास एकशें चौदांचा जो फायदा शतकभर घोकला गेला, तो हजारांतील दोन दाण्यांवर उभा होता.

येथपर्यंतचा वाद तारे आणि पृथ्वी यांच्या मोजणीचा होता. तेथें विचलन म्हणजे मोजणाराची चूक, काढून टाकावयाची वस्तु. बाजारांत गोष्ट उलट आहे. तेथें विचलन हाच मुळीं विक्रीचा माल होतो. आणि या मालाचा व्यवहार मुंबईच्या कापूसबाजारानें प्रत्यक्ष केलेला आहे. तेथें तेजी, मंदी आणि तेजीमंदी अशा तीन प्रकारचे सौदे चालत. ज्यानें तेजी घेतली त्यास भाव चढल्यास फरक मिळे. मंदी घेणारास उतरल्यास मिळे. तेजीमंदी घेणारास भाव कोणीकडेही गेला तरी फरकाची रक्कम मिळे. त्यासाठीं कांहीं रक्कम आगाऊ द्यावी लागे, व ती परत येत नसे. आतां या तेजीमंदीची रास्त किंमत किती? वायद्याच्या दिवशीं भाव आजच्या भावापासून जेवढा दूर जाईल, वर किंवा खालीं, तेवढें द्यावयाचें आहे. म्हणजे व्याज व दलालाचा नफा वगळल्यास ती किंमत त्या अंतराच्या अपेक्षित सरासरीइतकी असली पाहिजे. हें सरासरी विचलनच नव्हे काय? फरक एवढाच कीं, अंतर सरासरीपासून न मोजतां आजच्या भावापासून मोजावयाचें. गादीवर बसून तेजीमंदीचा दर बोलणारा व्यापारी बॉस्कोविचचें नांव न ऐकतांही त्याच्याच मापानें बोलत होता. हे सौदे जुगारासारखे ठरून कापसापुरते मुंबई इलाख्यांत १९३९ च्या कायद्यानें बंद झाले, आणि १९५२ च्या मध्यवर्ती कायद्यानें सर्वच मालावर ती बंदी आली. पण त्यांत दडलेलें गणित खोटें नव्हतें.

त्या गणितास शास्त्राचें रूप पॅरिसमध्यें मिळालें. लुई बाशेलिए यानें २९ मार्च १९०० रोजीं तेथील विद्यापीठापुढें सट्ट्याच्या सिद्धांतावरील प्रबंध मांडला. परीक्षकांत प्वांकारेसारखा गणिती होता. आजच्याच भावानें घेतलेल्या एकतर्फी सौद्याची रास्त किंमत कालाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढते, असें त्यानें दाखविलें. मुदत चौपट केली तर किंमत दुप्पट. ही किंमत म्हणजे सरासरी विचलनाचा बरोबर निम्मा भाग होय, आणि आमची तेजीमंदी म्हणजे अशा दोन निम्म्यांची बेरीज. तथापि बाशेलिएनें भावांचे हेलकावे घंटाकृति नियम पाळतात असें गृहीत धरिलें होतें. तें गृहीत खरें असेल, तर प्रमाण विचलन हें सरासरी विचलनाच्या सुमारें सव्वापट असतें, आणि एकावरून दुसरें काढतां येतें; भांडणाचें कारणच उरत नाहीं.

हें गृहीत ढासळलें तेंही कापसावरूनच. बेन्वा मांडेलब्रॉट यानें अमेरिकेंतील कापसाच्या भावांच्या जुन्या नोंदी घेतल्या. त्यांत १८८० ते १९४० पर्यंतचे मासिक भाव होते. १९६३ सालीं त्यानें दाखविलें कीं, मोठ्या उड्या घंटाकृति नियमास मंजूर असतील त्याहून फार वेळां येतात. इतकेंच नव्हे, तर नोंदी जसजशा वाढवाव्या तसतशी वर्गांची सरासरी एका आंकड्यावर स्थिर होण्याऐवजीं भटकतच राहते. कारण एखादी नवी उडी मागील सर्व हिशेबास एका दिवसांत उलटवून टाकते. त्यानें सुचविलेल्या नियमांत प्रमाण विचलनास अर्थच उरत नाहीं, आणि सरासरी विचलन मात्र शाबूत राहतें. पुढील संशोधकांनीं त्याचा नियम जसाच्या तसा स्वीकारला नाहीं. पण बाजाराच्या उड्या घंटेंत मावत नाहींत, ही गोष्ट आतां सर्वमान्य आहे.

या पार्श्वभूमीवर १९८० सालची एक घटना पाहावी. भावांचे आलेख पाहून खरेदीविक्री ठरविणाऱ्या मंडळींचा एक वर्ग आहे. ते आपल्या विद्येस तांत्रिक विश्लेषण म्हणतात. त्यांपैकीं डॉनल्ड लँबर्ट यानें त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत वायदेबाजारावरील एका अमेरिकन मासिकांत कमॉडिटी चॅनेल इंडेक्स नांवाचा निर्देशांक प्रसिद्ध केला. त्याची कृति सोपी आहे. दिवसाचा सर्वांत वरचा, सर्वांत खालचा व शेवटचा अशा तीन भावांची सरासरी घ्यावी. अशा, उदाहरणार्थ, वीस दिवसांच्या आकड्यांची पुन्हां सरासरी काढावी. त्या सरासरीभोंवतीं त्यांचें सरासरी विचलन काढावें. आणि आजचा आकडा सरासरीपासून जेवढा दूर असेल त्यास त्या विचलनाच्या ०.०१५ पटीनें भागावें. हा ०.०१५ कोठून आला? विचलन चार रुपये असतांना भाव सहा रुपये दूर गेला, तर भागाकार बरोबर शंभर येतो. अर्थात् शंभर म्हणजे सरासरी विचलनाची दीडपट. घंटाकृति नियम चालत असेल तर शंभरांतले सुमारें सत्याहत्तर दिवस या सीमेच्या आंत पडतात. सत्तर ते ऐशीं टक्के आकडे उणे शंभर व अधिक शंभर यांच्यामध्यें राहावे, हीच लँबर्टची योजना होती.

आमच्या दुसऱ्या बाजारास ही कसोटी लावून पाहूं. भाव १२० झाला त्या दिवशीं अंतर वीस, विचलन चार; निर्देशांक ३३३ वर जातो आणि उडी ठळक दिसते. तेथें प्रमाण विचलन वापरलें असतें, तर ती उडी गजाच्या सव्वादोन पटच भरली असती. कारण तिनेंच गज ताणून नऊपर्यंत नेला होता. ज्यास मोजावयाचें त्यानेंच गज लांबवावा, हा दोष सरासरी विचलनांत पुष्कळ कमी आहे. मात्र एक इशारा दिला पाहिजे. हा आकडा भाव नेहमींच्या घरापासून किती दूर आला एवढेंच सांगतो. तेथून तो परतेल कीं पुढें जाईल, हें सांगण्याची शक्ति त्यांत नाहीं. असंख्य लोक त्यास ज्योतिषाप्रमाणें वापरतात, तो दोष मापाचा नव्हे.

मग प्रमाण विचलन टाकून द्यावें काय? तसेंही म्हणवत नाहीं. आमच्या दोन बाजारांस सरासरी विचलनानें सारखेंच लेखलें, ही त्याची उणीव लपविण्यासारखी नाहीं. पहिल्या बाजारांतला व्यापारी रोज चार रुपये इकडेतिकडे सोसून सुखानें जगेल. दुसऱ्यांतला एखादा एका दिवसांत बुडेल. अमेरिकेंतील यादवीमुळें मुंबईंत कापसाच्या पैशाचा पूर लोटला, त्यावर शेअरांचा सट्टा माजला, आणि वायदे पुरे करावयाच्या १ जुलै १८६५ या दिवशीं कितीएक पेढ्यांचें दिवाळें वाजलें. त्या एका दिवसाचें मोल इतर शेंकडों दिवसांत वांटून टाकणारें माप त्या पेढ्यांच्या काय कामाचें? अशा दिवसाची ओरड प्रमाण विचलनच करतें. तेव्हां दोघांसही शेजारीं बसवावें, हें उत्तम. आर. सी. गिअरी या आयरिश संख्याशास्त्रज्ञानें १९३५ सालीं हेंच सुचविलें होतें. सरासरी विचलनास प्रमाण विचलनानें भागावें. घंटाकृति नियमांत भागाकार ०.८ च्या जवळ येतो. आमच्या पहिल्या बाजारांत तो १ आहे, दुसऱ्यांत ०.४५ च्या आसपास. हा आकडा जितका घसरेल, तितकें समजावें कीं नित्याच्या शांततेंत कोठेंतरी मोठी उडी दडलेली आहे.

काकांना उत्तर देतांना आम्हीं जी गफलत केली, तींत आम्ही एकटे नव्हतों, असें पुढें कळलें. २००७ सालींच गोल्डस्टाइन व तालेब या दोघांनीं पैशाचे व्यवहार सांभाळणाऱ्या व्यावसायिकांना आणि त्या विषयाच्या विद्यार्थ्यांना विचारलें कीं, एखादा शेअर दिवसाला सरासरीनें एक टक्का हालतो, तर त्याचें प्रमाण विचलन किती? घंटाकृति नियमानेंही तें सव्वा टक्का येतें. बहुतेकांनीं दोन्ही एकच मानलीं. ज्यांचा तो धंदा, त्यांची ही कथा. पण एवढ्यानें आमचें ओझें हलकें होत नाहीं.

काका आज हयात नाहींत. असते, तर आम्ही त्यांस सांगितलें असतें कीं, हा विसाचा आकडा तुम्ही विचारतां तो नव्हे. साधारण वर्षाचें अंतर याहून लहान, सोळाच्या घरांत धरा. उलट, वीस ही कांहीं शेवटची सीमा नव्हे. बाजार अगदीं शहाण्यासारखा वागला तरी तीन वर्षांत एकदां तो तिच्याबाहेर जाईल. आणि एखादें वर्ष असें येईल कीं जें या दोन्ही आकड्यांत मावणार नाहीं. म्हणून ज्या पैशावर म्हातारपण काढावयाचें तो सगळा येथें घालूं नका. एवढें सांगावयास पांच मिनिटें पुरलीं असतीं.

वर्गांत हा धडा आला म्हणजे आतां आम्ही सूत्र मागाहून लिहितों. आधीं फळ्यावर त्या दोन बाजारांचे दहा दहा भाव मांडतों, आणि मुलांना विचारतों, "तुमच्या घरची शिल्लक यांपैकीं कोणत्या बाजारांत ठेवाल?" उत्तरें येईपर्यंत थांबतों. त्यानंतरच खडू हातीं घेतों.